डीएनएसच्या माथी फोडलेलं खापर

वेबसाइट दिवसभर बंद राहिली की संध्याकाळी जो खुलासा निघतो, त्याचा मसुदा आधीपासून तयारच असावा. ‘डीएनएसमधील तांत्रिक अडचणीमुळे सेवा काही काळ विस्कळीत झाली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ ग्राहक वाचतो आणि गप्प बसतो. डीएनएस म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं, विचारायचा संकोच वाटतो, आणि खुलासा देणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

या दोन वाक्यांमागे एक अख्खा युक्तिवाद आहे आणि हल्ली बऱ्यापैकी जाणती माणसंही तो करतात. डीएनएस ही इंटरनेटच्या पोटातली गोष्ट, ती आपल्या हातात नाही. एकदा लावून दिली की पुन्हा बघावी लागत नाही. बिघडलीच, तर फेसबुक-अ‍ॅमेझॉनचीही बिघडते, तिथे आपली काय कथा! आणि साइटच्या वेगाशी तर तिचा संबंधच नाही. वेग हवा तर मोठा सर्व्हर घ्या. मला हा युक्तिवाद आळसाचा वाटतो. त्याच्या समर्थनासाठी ज्या मोठ्या घटना पुढे केल्या जातात, त्या नीट पाहिल्या तर नेमकं उलटं सांगतात.

विषय आत्ताच काढायला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने देशातल्या बँकांना आपापली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या नावाखाली नेण्यास सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे. ग्राहकाला फसव्या साइटपेक्षा खरी बँक पटकन ओळखता यावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण देशातल्या सर्वांत जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. म्हणजे ज्या संचालक मंडळांच्या सभेत डीएनएस हा शब्द कधी उच्चारला गेला नसेल, त्यांच्याही बँकेचं इंटरनेटवरचं नाव बदलायचं होतं. नाव बदलणं म्हणजे डीएनएसच्या नोंदी नव्याने लिहिणं. ‘ते व्हेंडर बघून घेईल’ हे वाक्य अशा वेळी किती सहज तोंडातून निघतं, ते एखाद्या बँकेच्या आयटी समितीत बसलेल्या कुणालाही विचारा.

डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, ही उपमा संगणकाच्या प्राथमिक पुस्तकांत हटकून भेटते. उपमा सोयीची आहे, पण निम्मा घोटाळा तिनेच केलाय. डिरेक्टरी एकच असते, कुणीतरी एक जण ती छापतो, आणि नंबर चुकला तर दोष छापणाऱ्याचा. इंटरनेटच्या पूर्वजावर अशी एकच यादी खरोखर होती. होस्ट्स नावाची ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत सांभाळली जायची आणि जाळ्यावरच्या संगणकांनी ती तिथून उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसं हे जमेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला तो ही एकहाती यादी मोडीत काढण्यासाठीच. नव्या व्यवस्थेत ज्याचं नाव, त्याने आपल्या नोंदी आपण ठेवायच्या. त्या कोणत्या सर्व्हरवर मिळतील ते आपण सांगायचं, आणि मिळालेलं उत्तर इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवावं हेही आपणच लिहून द्यायचं. ‘आपल्या हातात नाही’ हे म्हणणं तेव्हापासूनच खोटं आहे.

ग्राहकाने ब्राउझरमध्ये नाव टाकलं की त्याच्या मोबाइल कंपनीचा, किंवा गूगलसारख्या कुणाचा, रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) आधी स्वतःच्या साठ्यात उत्तर आहे का ते पाहतो. नसेल तर रूट सर्व्हरला विचारतो, मग ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरला, आणि शेवटी तुमच्या नेमसर्व्हरला, म्हणजे तुमच्या नोंदी जिथे आहेत त्या सर्व्हरला. वरच्या दोन पायऱ्यांची चिंता तुम्ही करू नये. रूटची नावं तेरा, पण त्यांच्या प्रती जगभरात हजाराहून जास्त ठिकाणी बसवलेल्या आहेत, त्यातल्या काही आपल्या मुंबईतही. ती यंत्रणा इतकी वर्षं चालत आली आहे. पडते ती शेवटची पायरी, आणि ती तुमच्या मालकीची असते.

ती कशी पडते याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण जुनं आहे. २३ जानेवारी २००१ च्या संध्याकाळी मायक्रोसॉफ्टच्या एका तंत्रज्ञाने आपल्या डीएनएस जाळ्याच्या तोंडाशी असलेल्या राउटरची मांडणी बदलली, आणि मायक्रोसॉफ्ट, एमएसएन, हॉटमेल, एक्स्पीडिया अशा साइट जवळपास अख्खा दिवस जगाला सापडेनाशा झाल्या. सर्व्हर चालू होते, पानं जागेवर होती, ई-मेल शाबूत होत्या. फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टकडे नेमसर्व्हर एक नव्हता, चार होते. पण चारही एकाच जाळ्याच्या एकाच तुकड्यावर, त्याच राउटरच्या मागे. कागदावर चार, प्रत्यक्षात एक.

आता गंमत बघा. नेमसर्व्हर वेगवेगळ्या जाळ्यांवर आणि भौगोलिकदृष्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, अशी स्पष्ट शिफारस इंटरनेटच्या तांत्रिक मानकांमध्ये जुलै १९९७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. ते कागद आरएफसी म्हणून ओळखले जातात आणि हा २१८२ क्रमांकाचा. मायक्रोसॉफ्टची साइट पडण्याआधी साडेतीन वर्षं. म्हणजे ज्ञान नव्हतं असं नाही, साधनं नव्हती असं तर अजिबातच नाही. कुणीतरी चारही यंत्रं एकत्र ठेवली आणि वरच्या कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने डीएनएसचा काही भार अकामाई या कंपनीच्या विखुरलेल्या सर्व्हरवर टाकला. जे करायला हवं होतं ते एका दिवसाची बेअब्रू झाल्यावर केलं. याला डीएनएसचा बिघाड म्हणायचं असेल, तर एकाच किल्लीवर दोन कुलपं लावून घर उघडं पडल्यावर कुलूप कारखान्याला दोष द्यावा लागेल.

तुमच्याकडे हे कसं आहे ते बघायला दोन मिनिटं लागतात. डोमेनसाठी दोन किंवा चार नेमसर्व्हरची नावं दिलेली असतात. त्यांचे आयपी पत्ते काढून पाहा. शेवटच्या आकड्यापुरताच फरक दिसला, तर तुमची स्थिती मायक्रोसॉफ्टच्या २००१ सारखी असण्याची दाट शक्यता आहे. (एनीकास्ट नावाच्या पद्धतीत एकच पत्ता अनेक शहरांतून उत्तर देतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून शंभर टक्के निकाल देता येत नाही. पण स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर एनएस-एक आणि एनएस-दोन ही दोन नावं एकाच यंत्राची असणं मुळीच दुर्मीळ नाही.)

इथे समोरचा पक्ष आपलं सर्वांत वजनदार उदाहरण काढतो, फेसबुकचं. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक एकदम गप्प झालं आणि सहाएक तास गप्पच राहिलं. जगभरातल्या ब्राउझरनी सांगितलं, डीएनएस त्रुटी. बातम्यांनीही तेच छापलं. एवढ्या मोठ्या कंपनीला डीएनएसने गाठलं, मग आम्हाला कोण विचारतो!

फेसबुकनेच नंतर जे सविस्तर लिहिलं ते वाचा. देखभालीच्या कामात त्यांच्या अंतर्गत मुख्य जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. तिने ते अख्खं जाळंच तोडलं. अशी घातक आज्ञा अडवायला एक तपासणी साधन होतं, त्यात दोष होता, म्हणून ती अडली नाही. मग डेटा सेंटरशी संपर्क तुटलेले नेमसर्व्हर पुढची पायरी चालले. डेटा सेंटर दिसत नसेल तर आपण आजारी आहोत असं समजून स्वतःचा मार्ग इंटरनेटवरून मागे घ्यायचा, असा नियम त्यांना फेसबुकनेच घालून दिलेला होता. त्यांनी तो तंतोतंत पाळला. एका ठिकाणापुरता हा नियम शहाणपणाचा आहे. सगळी ठिकाणं एकाच वेळी आजारी पडली तर काय, हा प्रश्न त्यात धरलेला नव्हता.

शिवाय प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या रात्री डीएनएस उत्तरं देत राहिलं असतं तरी व्हॉट्सअ‍ॅप चाललं नसतं, कारण मागचं जाळंच तुटलेलं होतं. डीएनएस गेल्यामुळे नुकसान झालं ते दुसरंच: अभियंते ज्या अंतर्गत साधनांनी बिघाड दुरुस्त करणार, तीही त्याच नावांवर अवलंबून होती, म्हणून तीही बंद. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत शिरायला वेळ गेला. बाहेरच्या जगालाही फटका बसला. उत्तर मिळेना म्हणून जगभरचे फोन आणि अ‍ॅप पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरने तेव्हा नेहमीच्या तीसपट प्रश्न आल्याचं नोंदवलं. या संपूर्ण कथेत डीएनएसने कुठेही स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही.

अ‍ॅमेझॉनचं २० ऑक्टोबर २०२५ चं प्रकरण तर याहून बोलकं. आपल्याकडे दिवाळीतली दुपार होती. उत्तर व्हर्जिनियातल्या त्यांच्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावापुढची नोंद रिकामी झाली. पत्ता चुकला नाही, पत्ताच उरला नाही. नोंदी सतत बदलत ठेवण्याचं काम अ‍ॅमेझॉनने यंत्राकडे दिलेलं होतं. एक भाग आराखडा बनवणार, आणि एकमेकांपासून स्वतंत्र चालणारे काही भाग तो लागू करणार. त्यातला एक भाग रेंगाळला आणि त्याने शिळा आराखडा ताज्यावर चढवला. तेवढ्यात दुसऱ्याने जुने आराखडे पुसण्याची साफसफाई सुरू केली आणि नेमका तोच पुसला. मग यंत्राला स्वतःहून सावरता येईना, माणसांना हात घालावा लागला. नोंद अडीच-पावणेतीन तासांत परत आली, पण तिच्यावर उभ्या असलेल्या इतर सेवा सावरायला दिवसाचा मोठा भाग गेला. डीएनएसला ‘पत्ता काय?’ असं विचारलं गेलं आणि त्याने जे लिहिलेलं होतं तेच सांगितलं: काही नाही. लिहिणाऱ्याचा दोष सांगणाऱ्यावर टाकायचा, हीच तर खुलाशाची रीत!

फेसबुक आणि अ‍ॅमेझॉन ज्या कारणांनी पडले ती कारणं बुलढाण्याच्या पतसंस्थेकडे नाहीतच. तिच्याकडे पृथ्वीभर पसरलेलं खासगी जाळं नाही, दर मिनिटाला नोंदी बदलणारी स्वयंचलित यंत्रं नाहीत. तिची डीएनएस फाइल वीस-पंचवीस ओळींची असते आणि वर्षातून दोनदा बदलते. म्हणून ‘त्यांचं पडतं तर आमचंही पडणारच’ हा निष्कर्ष उलटा आहे. छोट्या साइटचं डीएनएस कायम उभं ठेवणं मोठ्यांपेक्षा कितीतरी सोपं असतं. तरीही ते पडत असेल, तर गुंतागुंतीची ढाल पुढे करता येणार नाही.

मग येतो तिसरा बचाव: आम्ही नामांकित कंपनीकडे दिलंय, आता काळजी नको. यात अर्धं सत्य आहे. चांगल्या सेवेचे नेमसर्व्हर डझनावारी शहरांत असतात आणि कुठल्याही बँकेने स्वतः उभारलेल्या दोन यंत्रांपेक्षा ते बरे. पण २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा काय झालं ते आठवा. घरोघरचे असुरक्षित कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन बनवलेल्या मिराई या जाळ्यातून आलेल्या लोंढ्यासमोर डिन काही तास हतबल होती. ट्विटर, स्पॉटिफाय, रेडिट, गिटहब यांचं स्वतःचं काहीही बिघडलेलं नसताना ते अनेकांना उघडेनात. आपल्याला जवळचं उदाहरण २२ जुलै २०२१ चं. अकामाईच्या डीएनएस सेवेत मांडणीचा एक बदल गेला, त्याने सॉफ्टवेअरमधला सुप्त दोष जागा केला, आणि झोमॅटो, पेटीएम, हॉटस्टार अशा सेवा तासाभरापर्यंत अडखळल्या. झोमॅटोने अकामाईचं नाव घेऊन तसं जाहीर सांगितलंही.

डिनच्या हल्ल्यातून वेबसाइटवाले काही शिकले का, याचा शोध अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये घेतला. सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या एक लाख साइटपैकी ८९ टक्के साइट डीएनएस, सामग्री वितरण किंवा प्रमाणपत्रं यांपैकी कशासाठी तरी बाहेरच्या अशा पुरवठादारावर विसंबून होत्या की तो पडला तर त्याही पडणार. आणि २०१६ च्या तुलनेत काही बाबतींत हे अवलंबित्व थोडं वाढलेलंच होतं. चटका बसला, पण सवय सुटली नाही.

म्हणून दोन पुरवठादार घ्या, असं मी सरसकट सांगणार नाही. दोन ठिकाणी नोंदी कायम एकसारख्या ठेवाव्या लागतात. एकीकडे बदल झाला आणि दुसरीकडे राहिला, तर निम्म्या ग्राहकांना जुना पत्ता मिळतो, आणि असा अर्धवट बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा शोधायला कठीण. डीएनएसला डिजिटल सही जोडणारी डीएनएससेक वापरत असाल तर दोघांच्या सह्यांचा मेळ घालणं हे आणखी एक काम. ज्याच्याकडे हे सांभाळायला माणूस नाही, त्याने एकच चांगला पुरवठादार घ्यावा आणि नोंदींची प्रत स्वतःच्या हाती ठेवावी. पण पैशांचे व्यवहार करणाऱ्या संस्थेने हा हिशेब निदान एकदा मांडलेला असावा. ‘त्यांनी दिलंय म्हणजे असेल’ याला मांडलेला हिशेब म्हणत नाहीत.

आता वेगाकडे येतो. ‘डीएनएसला लागतात किती, काही मिलिसेकंद, तेवढ्याने काय होतं?’ असं विचारणाऱ्याने एकदा मुंबईतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला प्रश्न पाठवून बघावा. जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि हे प्रकाशाच्या वेगाचं बंधन असल्याने कितीही मोठा सर्व्हर घेतला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. नेमसर्व्हर तिकडे, पान इकडे, अशी मांडणी असेल तर पानाचं पहिलं अक्षर मागवण्याआधीच हा वेळ गेला. शिवाय प्रश्न एकच नसतो. एखादं नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं (सीनेम म्हणतात त्या नोंदीला), ते तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक वळणावर वेगळ्या मालकाच्या सर्व्हरकडे जावं लागू शकतं. मराठी बातम्यांची बहुतेक पोर्टल उघडून पाहा; एका पानावर जाहिराती, मोजणी, फॉन्ट, व्हिडिओ यांसाठी किती परक्या नावांची विचारणा होते ते ब्राउझरचं डेव्हलपर टूल दाखवतं. त्यातल्या प्रत्येक नव्या नावाचा शोध वेगळा.

या वेळेवर मात करायची ती साठवलेल्या उत्तरांनी. प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांतली एक मुदत जाते, तिला टीटीएल म्हणतात. तेवढा वेळ रिझॉल्व्हर पुन्हा विचारत नाही. आणि इथे मला तंत्रज्ञांच्याच एका फॅशनशी भांडायचं आहे. ‘टीटीएल साठ सेकंद ठेवा, म्हणजे बदल झटपट लागू होतात’ हा सल्ला इतका पसरलाय की वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या नोंदींनाही साठ सेकंदांची मुदत लावलेली दिसते. याची किंमत ग्राहक मोजतो. २०१९ च्या एका अभ्यासात एका देशाच्या डोमेनने आपली मुदत वाढवल्यावर उत्तराचा वेळ १८३ मिलिसेकंदांवरून २८.७ वर आल्याची नोंद आहे. नवी यंत्रं नाहीत, नवी केबल नाही, एका रकान्यातला आकडा बदलला. आणि उपलब्धतेच्या बाजूनेही हिशेब तोच. तुमचे नेमसर्व्हर अर्धा तास बंद पडले आणि टीटीएल एक दिवसाचा असेल, तर साठ्यात उत्तर असलेल्या बहुतेक रिझॉल्व्हरना काही कळणारही नाही. साठ सेकंदांचा असेल, तर दुसऱ्या मिनिटाला सगळे तुमच्या दारात.

बदल करायचाच असेल तर रीत साधी आहे: आदल्या दिवशी टीटीएल खाली आणा, जुनी मुदत पूर्ण संपू द्या, मग पत्ता बदला, आणि सगळं स्थिर झालं की मुदत पुन्हा वर न्या. बरेच जण यातली शेवटची पायरी विसरतात.

जवळपणाचा प्रश्नही डीएनएसमधूनच सुटतो किंवा अडतो. सामग्री वितरण करणाऱ्या कंपन्या तुमच्या रिझॉल्व्हरकडे पाहून जवळचा सर्व्हर निवडतात. रिझॉल्व्हर दूरच्या शहरात असेल तर पुण्याच्या माणसाला सिंगापूरहून चित्रं येऊ शकतात. अकामाईच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये, सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरणाऱ्यांसाठी ही निवड रिझॉल्व्हरऐवजी ग्राहकाच्या जाळ्यावरून करायला सुरुवात केल्यावर, जाऊन-येण्याचा वेळ निम्म्यावर आल्याचं दाखवलं. ‘वेगाशी संबंध नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे खोडून दाखवावेत.

अर्थात प्रत्येक संथ साइटचं कारण डीएनएस नसतं. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी लाखो मुलं एकाच मिनिटाला एकाच पानावर तुटून पडतात तेव्हा अडतो तो मागचा सर्व्हर. पहिल्या पानावर पाच एमबीचं अध्यक्षांचं छायाचित्र टांगून ठेवलं असेल तर तो दोषही नेमसर्व्हरचा नाही. खापर एका माथ्यावरून काढून दुसऱ्यावर ठेवण्यात मला रस नाही. पण डीएनएसचा वाटा शून्य आहे, हे मान्य करता येणार नाही.

‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबा, बदल जगभर पसरतोय’ हे वाक्य या धंद्यातलं सर्वांत फसवं. बदल कुठेही पसरत नसतो. तुमच्या सर्व्हरवर तो ताबडतोब लागू होतो. जगात ज्यांच्याकडे जुनं उत्तर आहे त्यांची मुदत संपायची वाट बघायची असते, आणि ती मुदत तुम्हीच लिहिलेली असते. अठ्ठेचाळीस तासांना एकेकाळी आधार होता, अजूनही एका बाबतीत आहे: ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरवर तुमचे नेमसर्व्हर कोणते याची जी नोंद असते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस. तेव्हा नेमसर्व्हरच बदलत असाल तर जुने दोन-तीन दिवस चालू ठेवावेत, हे खरं. पण एका वेबपानाचा पत्ता बदलायलाही तोच आकडा तोंडावर फेकला जातो, आणि व्हेंडरला दोन दिवसांची उसंत मिळते.

बँकांच्या नव्या नावांच्या बाबतीत उलटा सापळाही आहे. नोंद तयार होण्याआधीच कुणी नाव विचारलं तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरही साठवलं जातं. ते किती वेळ राहील याचा आकडा डीएनएस फाइलच्या पहिल्या नोंदीत असतो, आणि तिकडे ढुंकूनही कुणी बघत नाही. सभासदांना नव्या पत्त्याचे एसएमएस आधी गेले आणि नोंद दुपारी झाली, तर सकाळी ज्यांनी उघडून पाहिलं त्यांच्या रिझॉल्व्हरला नाव संध्याकाळपर्यंत सापडणार नाही, असंही होऊ शकतं. एसएमएस आणि नोंद यांचा क्रम लावणं हे तंत्रज्ञानाचं काम नाही, कारभाराचं आहे.

घाईत मागे फिरणंही महाग पडतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या संदेशसेवेने आपल्या नावाला डीएनएससेकची सही जोडली, अडचण दिसताच ती मोडून काढली. पण ‘या नावाला सही असते’ हे सांगणारी वरची नोंद जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या साठ्यात चोवीस तासांसाठी बसलेली होती. त्यांना आता सही मिळेना, म्हणून त्यांनी उत्तर खोटं ठरवलं. काही ग्राहकांना स्लॅक जवळपास दिवसभर उघडलं नाही. दुरुस्तीची आज्ञा योग्य होती, क्रम चुकला. मुदत संपेपर्यंत सह्या चालू ठेवल्या असत्या तर हा दिवस टळला असता.

राहिलं जुनं नाव. नवं नाव सुरू झालं की जुन्याचं नूतनीकरण कशाला, असा हिशेब कुणीतरी करणारच. वर्षाला हजार-दीड हजार रुपये वाचतात. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगिन त्याच नावावरून होत असल्याने लोकांना त्यात शिरता येईना. शेवटी एका बाहेरच्या लिनक्स प्रोग्रामरने नाताळच्या दिवशी ते पैसे भरले. तो भला माणूस होता. सहकारी बँकेचं सोडलेलं नाव घ्यायला येणारा तसा असेलच असं नाही. त्या नावावर जुन्या पासबुकांवर छापलेला पत्ता आहे, सभासदांच्या फोनमध्ये जतन केलेली लिंक आहे, आणि वर्षानुवर्षं ज्यावर पत्रव्यवहार झाला तो ई-मेलही आहे. नाव दहा वर्षांसाठी एकदम नोंदवता येतं. ते करण्याआधी नोंदणी कुणाच्या ई-मेलवर आहे हे मात्र बघून घ्या. तो पत्ता राजीनामा देऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचा नसावा, व्हेंडरचा नसावा, आणि त्याच नावाखालचा तर मुळीच नसावा. कारण नाव बंद पडलं तर त्याची सूचनाही पोहोचणार नाही आणि पासवर्ड बदलायची लिंकही.